तरोट्यावर पोतेरं

पहिले सांगून टाकतो, मी काही मोठा कास्तकार वगैरे नाही. नोकरी नागपुरात, राहणं प्रतापनगरला, आणि कळमेश्वरच्या पुढे बाबांच्या वाटणीचं अकरा एकर, त्यातलं सात एकर वावर आणि चार एकर मुरमाड पडीत, जिथे नांगर घातला की दगडच वर येते. ते चार एकर म्हणजे आमच्या ढोरांची चराई. नऊ गवळाऊ गाई, त्यांची वासरं, दोन बैल आणि सालदाराच्या सात बकऱ्या. शनिवार-रविवार मी तिकडे, बाकीचे दिवस सगळं सालदाराच्या भरवशावर.

बाबांच्या काळी या तुकड्यात पवन्या आणि मारवेल कमरेइतकं व्हायचं, दिवाळीनंतर कापून गंजी लागायची. मागच्या पाच-सहा वर्षांत तिथे तरोटा, ज्याला कुठेकुठे टाकळा म्हणते, असा माजला की ऑगस्टमधे रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटायचं यांनी तरोटाच पेरला की काय. आता तरोटा काही आपल्याला परका नाही, पहिल्या पावसानंतर तरोट्याची भाजी झाली नाही असं आमच्याकडे घर सापडणार नाही. पण तो कोवळा असेस्तोवरच. एकदा मांडीएवढा झाला की ढोरं त्याला तोंड लावत नाही, वास येतो त्याला एक उग्र. मग होतं काय की गाई आजूबाजूचं चांगलं गवत बुडापासून खरडून खाते आणि तरोट्याला मोकळी हवा, मोकळं ऊन, खायला-प्यायला सगळं मिळते. लांब बारीक शेंगा, एकेका शेंगेत वीस-पंचवीस बिया, आणि बी असं टणक की वर्षानुवर्षं मातीत पडून राहते. म्हणजे तण माजवलं आम्हीच, बारा महिने तीच ढोरं त्याच चार एकरात सोडून. हे कळायला मला दोन वर्षं लागली, पण ते पुढे सांगतो.

उपाय काय काय केले ते ऐका. एक वर्ष विळ्याने कापून घेतला, तर तो बुडातून फुटून आधीपेक्षा दाट झाला. उपटायला बाया पाहिल्या तर त्या दिवसांत सगळीकडे सोयाबीन-पऱ्हाटीचं निंदण चालू असते, पडीतातल्या तरोट्यासाठी कोण येते! मग मी शहाणपणा केला. टू-फोर-डी आणलं. हे औषध रुंद पानाच्या तणाला मारते आणि गवताला काही करत नाही, म्हणजे कागदावर आमच्यासाठी एकदम बरोबर. पंपाने धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून, फवारणी सुरू केली, पावसाळ्यातलं वारं पश्चिमेकडून, आणि आमच्या पूर्वेला शेजारच्या काकाजींची पऱ्हाटी. पंधरा दिवसांनी काकाजी स्वतः घरी आले, हातात पऱ्हाटीची फांदी. पानं अशी अरुंद, बोटं फुटल्यासारखी, भेंडीच्या पानासारखी. कपाशीला टू-फोर-डीचा नुसता वारा लागला तरी हे होते हे मला माहीत नव्हतं. धुऱ्याजवळच्या पाच ओळी गेल्या. काकाजी ओरडले नाही, फक्त म्हणाले, "बाबू, आम्ही पन्नास वर्षं धुऱ्याला धुरा लावून राह्यलो, तुहे बाबा असे वागले नाही." त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुकसानभरपाई दिली, त्यांनी अर्धीच घेतली.

तेव्हापासून फवारणी हा शब्द आमच्याकडे बंद. आणि तसंही, २०१७ मधे यवतमाळकडे फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, ते वाचल्यापासून बायकोचं पंपाकडे पाहणंच वेगळं झालं आहे.

मग वायपरचं, म्हणजे औषध न फवारता पुसणाऱ्या यंत्राचं, कुठून कळलं तर मी असाच शोधून राहिलो होतो की उडणारं औषध नको, हाताने उपटणं नको, तर मधलं काही आहे का. आहे. कल्पना इतकी साधी आहे की हसू येते. तण गवताच्या वर डोकं काढते ना, तर गवताच्या वरून औषधाने ओली दोरी किंवा रोलर फिरवायचा. जे उंच आहे त्याला औषध पुसल्या जाते, जे बुटकं आहे त्याला लागतच नाही. थेंब नाही, तुषार नाही, वाऱ्यावर काही जात नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत मिसिसिपीकडे कापूस-सोयाबीनच्या डोक्यावर निघणारं बरू नावाचं उंच गवत मारायला ही दोरीची युक्ती निघाली, इंग्लंडकडे कुरणात गाडीमागे ओढायचे मोठे वायपर वापरते, आणि आपल्या देशात केरळच्या कृषी विद्यापीठाने भातातल्या रानभातासाठी हातात धरायचा वायपर काढला आहे, कारण रानभात खऱ्या भातापेक्षा वीतभर वर येतो. सगळीकडे तोच उंचीचा खेळ.

यात औषध लागते ते ग्लायफोसेट. ते गवत पाहत नाही की तरोटा पाहत नाही, हिरवं दिसलं की मारते, म्हणून तर फवारायचं नाही, पुसायचं. पानातून आत जाऊन मुळापर्यंत उतरते म्हणून शेंड्याला लागलं तरी झाड मरते. पण इथे एक अडचण. ऑक्टोबर २०२२ मधे केंद्र सरकारने अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरच्या हातूनच वापरायचं. दुकानदार म्हणे, "घेऊन जा ना भाऊ, कोण विचारते." पण एकदा काकाजींसमोर मान खाली घातली होती, म्हटलं आता जे करायचं ते नीट करायचं. नागपुरात एका लायसनवाल्या पेस्ट कंट्रोलला फोन लावला.

"किती बीएचके आहे सर?"

"चार एकर."

"नाही म्हणजे, झुरळं की वाळवी?"

"तरोटा."

समोरून काही वेळ आवाजच नाही. पण माणूस चांगला निघाला. गोदामांच्या आवारातलं गवत मारायची कामं त्याने केली होती, वायपर मात्र कधी पाहिला नव्हता. तो म्हणाला यंत्र तुम्ही आणा, औषध आणि हात माझे. म्हणजे यंत्र बनवायची जबाबदारी माझी.

यंत्र म्हणजे काय, अडीच इंची पीव्हीसी पाईप दोन मीटर, दोन्हीकडे झाकण, पाईपाला ओळीने भोकं, एका भोकातून दोरी आत आणि पुढच्या भोकातून बाहेर, अशी बाहेरच्या बाजूने दोरीची माळ. पाईपात औषध, ते दोरीत उतरते, दिव्याच्या वातीत तेल चढते तसं. सालदार म्हणाला लोखंडी पाईप घ्या, मजबूत राहीन. पण डब्यावरच लिहिलेलं असते की हे औषध जस्ताच्या किंवा साध्या लोखंडाच्या भांड्यात ठेवायचं नाही, त्यातून गॅस तयार होतो. म्हणून पीव्हीसी. जुन्या सायकलची दोन चाकं लावली, मधे दांडा, आणि पाईप खाली-वर करता यावा म्हणून दोन्ही बाजूला भोकं पाडलेली पट्टी आणि बोल्ट. उंची बदलता येणं हेच या यंत्रातलं मुख्य आहे, बाकी सगळं भंगार. सालदाराने ते पाहिलं आणि म्हणाला, "हे तं पोतेरं होय भाऊ, चाकं लावलेलं." तेव्हापासून नाव पोतेरंच पडलं.

पहिला प्रयोग जुलैच्या शेवटी, आणि तो साफ फसला. दोन कारणं. एक, मी दोरी घेतली सुताची, जाड, विहिरीच्या दोरासारखी. ती औषध पिते खूप पण धरून ठेवत नाही, चालताना हिसका बसला की टपटप गळते. दुसरं कारण जास्त मूर्खपणाचं. त्या वर्षी चिखल फार म्हणून तीन आठवडे ढोरं पडीतात सोडलीच नव्हती, त्यामुळे गवतही गुडघ्याएवढं आणि तरोटाही गुडघ्याएवढा. मग दोरी कोणाला लागणार, दोघांनाही. दहा दिवसांनी फाटकापासून बाभळीपर्यंत दोन मीटर रुंदीचा पिवळा पट्टा, जणू कोणी ग्रामपंचायतीचा रस्ता मंजूर केला. नशीब की शंकेने एकाच पट्ट्यावर थांबलो होतो. पेस्ट कंट्रोलवाला भाऊ बिचारा म्हणून राहिला होता, सर फवारणीच केली असती तर इतकंच झालं असतं.

तर दोरीचा प्रश्न घरी सोडवला. इतवारीत जाऊन पाच प्रकारच्या दोऱ्या हात-हातभर आणल्या, प्लॅस्टिकच्या पाच ग्लासात खायच्या लाल रंगाचं पाणी, प्रत्येकात एक टोक, दुसरं टोक ओट्यावर लटकत. साधी प्लॅस्टिकची दोरी, कपडे वाळवायची, एक बोटभरही चढली नाही. सुताची भराभर चढली आणि टोकातून ओट्यावर थेंब. एक विणलेली पॉलिएस्टरची, आतून मऊ गाभ्याची, तिच्यात रंग हळूहळू चढला, टोकापर्यंत आला, बोट लावलं तर बोट लाल, पण थेंब पडला नाही. हीच पाहिजे होती. ओट्यावरचा लाल डाग अजून आहे, त्यावरून मला अजून ऐकवल्या जाते.

भोकांना रबरी वायसर बसवले, जिथे पाझरत होतं तिथे सिलिकॉन, आणि झाकणाला सुईएवढं भोक, कारण हवेला वाट नसली तर पाईपातलं औषध खाली उतरतच नाही. हे भोक नसल्यामुळे साध्या पाण्याची एक टेस्ट वाया गेली, अर्धा तास दोरी कोरडीच, आणि आम्ही दोघं पाईपाला टपला मारून राहिलो.

पण खरं काम पोतेऱ्याने नाही केलं, ढोरांनी केलं. ऑगस्टमधे मी चार एकराचे तार लावून चार भाग केले आणि सगळी ढोरं एका भागात कोंडून चारली, गवत वीतभर राहीपर्यंत, मग पुढचा भाग. आधी ढोरं सगळीकडे हिंडून गोड-गोड खायची, आता जागा कमी म्हणून सगळंच सारखं खाऊ लागली. तरोटा अर्थातच सोडून. पोळ्यापर्यंत चारही भागांत गवत वीतभर आणि तरोटा मांडीएवढा, मधे चांगलं हातभर अंतर. सालदाराला हे आधी पटून नाही राहिलं, "ढोरं उपाशी मारता काय भाऊ" म्हणे. पण वरून पाहिल्यावर तोच म्हणाला, आता तं कैचीने केस कापल्यासारखा दिसते तरोटा.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जा म्हणत काढलेली पुतळ्यांची मिरवणूक. सालदार सुट्टीवर, मी महालात मिरवणूक पाहायला. गर्दीत सगळे आपापल्या भानगडी मारबतीच्या गळ्यात घालून राहिले होते, मीही हळूच म्हणून घेतलं, तरोटा घेऊन जा गे मारबत. त्याच्या दुसऱ्या दिवशी उघाड पडली.

आम्ही सकाळी सातला तयार, पण सुरू केलं अकराला. कारण पानावर दव असलं की औषध दवासोबत खाली गवतावर उतरते, जुलैच्या पिवळ्या पट्ट्यात थोडा हात त्याचाही होता. पाणी घेतलं गोठ्याच्या टिनावरून ड्रममधे जमा केलेलं पावसाचं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की पाण्याच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, पांढरा थर बसतो, आणि ग्लायफोसेट जड पाण्यातल्या कॅल्शियमला चिकटून बसते, मग तणाला काय करीन. गढूळ पाणीही नको, मातीलाही ते तसंच चिकटते. पेस्ट कंट्रोलवाल्या भाऊने हातमोजे, गॉगल, गमबूट घालून एक भाग ४१ टक्केवालं औषध आणि दोन भाग पाणी असं मिसळलं. फवारणीपेक्षा हे फार घट्ट असते, कारण इथे झाडाला लागते ते बोटभर. त्यात लाल रंग टाकला, कुठे पुसलं कुठे राहिलं ते दिसावं म्हणून.

पाईप गवताच्या शेंड्यापासून दीड वीत वर बांधला आणि पेस्ट कंट्रोलवाला भाऊ पोतेरं ढकलत निघाला. चाल लग्नाच्या वरातीची, त्याच्यापेक्षा जोरात गेलं की तरोटा दोरीखाली वाकून निसटते. एक फेरी पूर्वेला आणि त्याच पट्ट्यावरून एक फेरी परत पश्चिमेला, म्हणजे दोन्ही बाजूच्या पानांना लागते. सालदार पुढे दगड आणि खड्डे पाहत, कारण एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्या टोकाची दोरी थेट आभाळात. आणि धुऱ्यावर काकाजी. सकाळपासून खाटल्यावर बसून, टोपी, काठी, एक शब्द नाही. वारं चांगलं वाहून राहिलं होतं त्या दिवशी. मी मुद्दाम त्यांच्या बाजूच्या पट्ट्याला स्वतः हातमोजे घालून पोतेऱ्याजवळून चाललो की काही उडते का पाहायला. काकाजी तीनच्या सुमारास उठले, दोरीला काठी लावून पाहिली, काठीच्या टोकाला लाल लागलं, जमिनीकडे पाहिलं, तिथे काही नाही. "हं," म्हणाले आणि गेले.

चार एकरात मिश्रण लागलं अडीच लिटरच्या आसपास. साडेतीनला आटोपलं, पाऊस आला रात्री साडेदहाला. औषध आत जायला सहाएक तास कोरडे पाहिजे, ते मिळाले.

मग वाट पाहणं. तिसऱ्या दिवशी सालदाराचा फोन, काहीच नाही झालं भाऊ, पैसे बुडाले. पाचव्या दिवशी, शेंडे थोडे पिवळे वाटून राहिले. रविवारी मी गेलो तर सगळ्या तुकड्याने मान टाकलेली, आणि खाली गवत हिरवंगार. बाराव्या-तेराव्या दिवशी तरोटा तपकिरी, काड्या. या सगळ्या काळात फाटक बंद ठेवलं, दोन आठवडे, एक तर औषध आणि दुसरं म्हणजे सुकत चाललेलं तण ढोरं कधीकधी खाऊन पाहते, जे हिरवं असताना हुंगत नाही. त्यांच्यासाठी तेवढे दिवस कडबा कापून टाकावा लागला, तो खर्च मी आधी धरलाच नव्हता.

सगळं मेलं असं नाही. मी सुरुवातीलाच चार जागी एक-एक मीटरची चौकट टाकून तरोटा मोजून ठेवला होता, मिळून ११२ झाडं. नंतर जिवंत ३१. ती सगळी बुटकी, दोरीच्या खालून वाचलेली. त्यांच्यासाठी मग हॉकी स्टिकच्या आकाराचा हातवायपर केला, पाऊण इंची पाईप वाकवून आणि खालच्या टोकाला तीच दोरी, आणि पेस्ट कंट्रोलवाल्या भाऊला पुन्हा एक दिवस बोलावला. आता तो यात इतका रमला की गोदामवाल्यांनाही हेच विकून राहिला आहे म्हणे.

आणि गाजर गवत. याचं पोतेऱ्याने काही बिघडवलं नाही, कारण ते आधी जमिनीला चिकटून पसरलेलं चक्र असते, उंच होते ते फुलावर येताना. ते हातमोजे घालून फुलाआधी उपटणं हाच धंदा. दुधाला कडवटपणा येतो त्याने, आणि सालदाराच्या मनगटाला दरवर्षी खाज उठते. काही झाडांवर मेक्सिकन भुंगे दिसले, १९८४ मधे बंगळूरला सोडलेल्या भुंग्यांचे वंशज, पानं चाळणी करून राहिले होते. त्यांना कोणी हात लावू नका म्हणून सांगितलं.

खर्चाचं विचाराल तर पाईप, दोरी, वायसर मिळून १,८५० रुपये, चाकं घरची. पेस्ट कंट्रोलचे दोन फेरे ४,५००, त्यात औषध आलं. तेच बायांकडून उपटून घ्यायचं तर चाळीस रोज धरा, ३०० ने १२,००० आणि चहा वेगळा, आणि बाया मिळाल्या तर. एक चूक मात्र शेवटी केलीच, पोतेरं न धुता गोठ्यात टांगून ठेवलं, दोरी वाळून अशी कडक झाली की काठी. सगळी दोरी बदलावी लागली. धुताना ते पाणी नाल्याकडे जाऊ देऊ नका, आम्ही त्याच पडीतातल्या मुरमावर तरोट्यातच ओतलं.

दिवाळीनंतर गंजी लागली. लहानशीच, बाबांच्या वेळेसारखी नाही, पण लागली. तारांचे चार भाग मी काढले नाही, ढोरं आता फिरवूनच चारतो.

यंदा जूनमधे पहिला पाऊस पडल्यावर रविवारी बायकोही सोबत आली, पिशवी घेऊन, भाजी खुडायला. मातीतलं जुनं बी उगवलंच होतं, पण मागच्यासारखी सतरंजी नाही, इथे चार तिथे सहा. अर्धा तास वाकून-वाकून फिरली आणि पिशवीत एका वेळेचीही भाजी झाली नाही. शेवटी काकाजींच्या धुऱ्यावरून खुडून आणली. तिथे भरपूर होता. काकाजी खाटल्यावरूनच म्हणाले, "ने बाई, सगळाच ने. अन् तुह्या नवऱ्याले सांग, ते पोतेरं या साली इकडेही फिरव म्हणा, पण आधी मले ढोरं चारून घेऊ दे."